डिलीट केलेला बोया

शेवटी विपुल घरतचं गाणं झालं, आणि ते चौलपासून मांडव्यापर्यंत प्रत्येक हळदीत वाजायला लागलं.

वरचं वाक्य काढून टाकण्यात आलेलं आहे. ज्यांनी वाचलं त्यांनी वाचलं नाही असं समजावं. असं काही झालेलंच नाही. विपुल घरत हा नागावचा एक साधा, सरळ, लग्नाळू मुलगा असून त्याच्यावर कोणी गाणं रचावं असं त्याने आयुष्यात काही केलेलं नाही. हे खुद्द विपुलचं म्हणणं आहे, आणि सध्या ते म्हणणारा तो एकटाच आहे.

तर विपुल. नागावच्या किनाऱ्यावर त्याची बनाना बोट होती. पिवळी, लांबडी, रबराची. त्याचा मित्र दिपेश ती स्पीडबोटीला बांधून ओढायचा. पर्यटक तिच्यावर बसायचे, किंचाळायचे, पाण्यात पडायचे आणि बाहेर आल्यावर त्याबद्दल विपुलचे आभार मानायचे. विपुल स्वतः तिच्यावर कधी बसला नव्हता. त्याला पाण्याची भीती वाटायची. तो वाळूवर उभा राहून शिट्टी वाजवायचा, 'एकदम सेफ आहे सर' असं सांगायचा आणि लाट जरा जास्त वर आली की दोन पावलं मागे सरकायचा.

फोनवर मात्र त्याचा हात बसलेला होता. गिऱ्हाइकाला दर पाठवायचा, गिऱ्हाईक मोठ्या गाडीतून उतरताना दिसलं की तो मेसेज डिलीट करून नवा पाठवायचा. 'सॉरी सर, चुकून जुना गेला होता.' पंक्चरवाल्याच्या धंद्यात जसा खिळा, तसा विपुलच्या धंद्यात डिलीट. माणसाने एकदा बोललेलं परत घेता येतं, यावर त्याचा इतका विश्वास बसला होता की बोलण्याआधी विचार करण्याची सवय त्याने हळूहळू बंदच करून टाकली होती.

त्याचं लग्न ठरलं होतं चौलच्या प्राप्ती गावंडशी. प्राप्ती अलिबागला दातांच्या दवाखान्यात कामाला होती. माणसाने तोंड कधी उघडावं आणि कधी मिटावं याबद्दल तिची मतं पक्की होती. विपुलला ती फार आवडायची. ती त्याच्या विनोदांना हसायची नाही, आणि तरीही लग्नाला तयार झाली होती. यापेक्षा मोठा पुरावा कोणाला कुठे मिळतो?

प्राप्तीचे वडील चांगदेवशेठ गावंड. त्यांचे डंपर होते, जेसीबी होता, आवाज होता. गळ्यात सोन्याच्या साखळ्या, आणि त्या साखळ्या ज्याच्यावर विसावतात ते पोट. शेठ खोलीत आले की पोट आधी यायचं, मग साखळ्या, मग शेठ, आणि या सगळ्यांची चौकशी करून झाली की मग चहा.

लग्नासाठी 'विपुल वेड्स प्राप्ती' नावाचा ग्रुप निघाला. ॲडमिन होती भाविका, प्राप्तीची चुलत बहीण. ग्रुपात दोन्ही घरची झाडून सगळी माणसं होती, आणि येसूबाई होती.

येसूबाई नागावचीच. ती धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येवो न येवो, धवलारीण यावी लागते. ती धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, गाते तशी हळद पुढे सरकते. आधी देवांना हाका मारते, देव येऊन बसले की माणसांकडे वळते आणि दोन्ही घरच्या मोठ्या माणसांची एकेका ओळीत साल काढते. त्यावर कोणी रागवायचं नसतं. या पट्ट्यात धवले येणारी ती एकटीच उरल्यामुळे दोन्ही हळदी तीच करणार होती. दुपारी नागावला नवऱ्याची, आणि तिथली उष्टी हळद घेऊन संध्याकाळी चौलला नवरीची. घरतांच्यात पहिली पत्रिका धवलारणीला देतात. यंदा पत्रिका फोनवर निघाल्या, म्हणून विपुलच्या आईने पहिला मान म्हणून येसूबाईला ग्रुपात घातलं. येसूबाईला वाचता येत नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. आणि तिच्या नातीने तिच्या फोनला आलेला प्रत्येक मेसेज मोठ्याने वाचायला शिकवलंय, हे कोणाला माहीतच नव्हतं.

हळदीला आठवडा उरला असताना चांगदेवशेठनी ग्रुपवर जाहीर केलं : 'नवरदेव आपल्या जेसीबीच्या बकेटमधून मांडवात उतरेल. बकेट धुऊन घेतलेली हाय.'

विपुल वाळूवर उभा होता. त्याने ते वाचलं, शिट्टी तोंडातून काढली आणि दिपेशला मेसेज लिहिला :

'भावा, सासरा माझी वरात काढतोय का गटार खणतोय? गळ्यात एवढं सोनं की माणूस बुडायलाच पाहिजे. पोट एवढं की बुडूच शकत नाही. खाडीत सोडला तर मधल्यामधे उभा राहील. सासरा न्हाय रं, बोया हाय बोया!'

बोया म्हणजे जाळ्याची खूण म्हणून पाण्यात डुलत राहणारा गोळा. मेसेजच्या शेवटी विपुलने हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे टाकले. एका चेहऱ्याने भागेना म्हणून तीन.

लगेच दिपेशचा फोन आला. तो स्पीडबोटीवर होता, मागे पर्यटक किंचाळत होते.

"भावा, मेसेज मस्तच हाय."

"हाय ना?"

"पन ग्रुपवर कशाला टाकलास?"

विपुलने फोन पाहिला. मेसेज ग्रुपवर होता. सासऱ्याच्या जेसीबीच्या बरोब्बर खाली, तीन पिवळे चेहरे घेऊन. आता अशा वेळी काय करायचं, हे नागावच्या किनाऱ्यावर विपुलएवढं कोणालाच ठाऊक नव्हतं. रोजचंच काम. फक्त रोज त्याला एवढी घाई नसे. त्याने मेसेजवर बोट दाबून धरलं, डिलीट दाबलं, पुढे दोन पर्याय आले, आणि 'सगळ्यांसाठी' ऐवजी त्याने 'माझ्यासाठी' दाबलं.

मेसेज गेला. विपुलने सुटकेचा श्वास सोडला, अर्धा. उरलेल्या अर्ध्यात त्याला कळलं की आता त्या ग्रुपात तो मेसेज न दिसणारा जगातला एकमेव माणूस तो स्वतः आहे. आणि जे आपल्याला दिसत नाही ते आपल्याला पुसता येत नाही.

त्याने भाविकाला फोन लावला.

"भाविका, तू ॲडमिन आहेस ना? माझा एक मेसेज..."

"बोयावाला?"

"...वाचलास?"

"दोनदा. दाजी, तुमचं हस्ताक्षर असतं ना तर फ्रेम केला असता."

"डिलीट कर ना प्लीज. काकांनी बघितला?"

"काका जेवून झोपलेत. घोरण्याचा आवाज येतोय, ऐकवू?"

"नको! डिलीट कर!"

भाविकाने डिलीट केला. मेसेजच्या जागी एक ओळ उगवली, हा मेसेज ॲडमिन भाविका हिने डिलीट केला आहे. तोपर्यंत ग्रुपकडे कोणाचं लक्ष नव्हतं. त्या ओळीने सगळ्यांना जागं केलं. विपुलच्या एका काकांनी विचारलं, काय होतं. मामींनी विचारलं, फोटो होता का. पेणच्या एका नातलगाने काहीही न विचारता हात जोडले. आणि मग शेठ उठले.

"जावई," फोनवर आवाज आला, "ग्रुपवर काय होता?"

"काय नाय मामा. गिऱ्हाइकाचा मेसेज. चुकून पडला."

"गिऱ्हाइकाचा होता त भाविकानं कनाला उडवला?"

"म्हणजे... ग्रुप स्वच्छ राहावा म्हणून."

"त्या ग्रुपवर माझ्या मेव्हन्यानं मूळव्याधीचा इलाज टाकलाय. त्यो न्हाय उडवला तिनं."

समुद्राचा आवाज फोनमधून चौलला जात राहिला.

"बगा जावई," शेठ शांतपणे म्हणाले, आणि ते शांत झाले हेच विपुलला आवडलं नाही, "माज्याकडं येवढे ड्रायवर हायेत. जो ड्रायवर मेसेज उडवतो त्यो डिझेल चोरतो. आजपरत माजा अंदाज चुकला न्हाय."

"मी डिझेल नाही चोरलं मामा."

"मंग काय चोरलंव?"

लाट आली नव्हती तरी विपुल दोन पावलं मागे सरकला.

"दुसरी कोन पोरगी हाय का?"

"नाही हो!"

"मंग लपवताव काय? पोरगी देतंय मी, भंगार न्हाय देत. हलद लागंपरत सांगा. न्हाय सांगितलाव त हलद वाटीन ऱ्हाईल आन पोरगी घरान."

संध्याकाळी विपुलने प्राप्तीला सगळं सांगितलं. म्हणजे सांगायला सुरुवात केली.

"वाचलंय मी," प्राप्ती म्हणाली.

"मग?"

"पप्पांना खरं सांगून टाक."

"मारतील मला!"

"मारतील. पण मारून झाल्यावर हळद लावतील. नाही सांगितलंस तर मारणार पण नाहीत आणि लावणार पण नाहीत. आणि मी त्यांच्या मागे लागून 'पप्पा ऐका ना' करणार नाही हां. तुझा बोया तूच ओढ."

"तुला राग आला का?"

"मला रागापेक्षा लाज वाटली. मी एवढी वर्षं त्यांना बघतेय, मला कसं सुचलं नाही."

विपुलने ठरवलं, खरं सांगायचं. फक्त आज नको. दुसऱ्या दिवशीही त्याने तेच ठरवलं. अशा रीतीने खरं सांगण्याचा निर्धार तो रोज नव्याने, ताज्या मनाने करत होता, एवढ्यात येसूबाईचा निरोप आला की नवऱ्याला पाठवा.

येसूबाई ओटीवर पाय पसरून बसली होती. शेजारी पानाचा डबा, डब्यावर फोन.

"ये बोया," ती म्हणाली.

विपुल दारातच थांबला. "आजी, तुला कोणी सांगितलं?"

"माज्या फोनानं. माजी नात म्हनाली आजी तुना वाचता येत न्हाय त ही फोनातली बाई वाचंल. वाचतं बिचारी. आवाज रडका हाय, पन शब्द नीट बोलतं." येसूबाईने सुपारी तोंडात टाकली. "मी भाकऱ्या थापीत हुतू. ती बाई म्हनली, सासरा न्हाय रं, बोया हाय बोया. मंग म्हनली, हसून हसून डोळ्यात पाणी. आनखी म्हनली, हसून हसून डोळ्यात पाणी. मंग तिसऱ्यांदा म्हनली. मना वाटलं, हे त गानंच हाय! तीनदा धरपद येतं."

"आजी, तो मेसेज डिलीट केलाय."

"म्हंजे?"

"म्हणजे पुसला. आता तो कुठे नाही."

येसूबाईने त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं, घसा साफ केला आणि गायला लागली :

गल्यान सोना गो, पोटान वारा गो,
बोया तरंगं खारीच्या पान्यान,
हसू हसू गो डोल्यान पानी,
हसू हसू गो डोल्यान पानी,
हसू हसू गो डोल्यान पानी.

चाल चांगली होती, हेच वाईट होतं. विपुलचा पाय आपोआप ठेका धरू लागला. त्याने तो हाताने दाबून धरला.

"आजी, पाया पडतो. चौलला हे नको गाऊस."

"कनाला? शेठाची ओल झ्याक झालेय. बाकीच्यांच्या ओली फुकट हायेत. चार पिढ्यांच्या हलदी केल्या मी, येवढी भारी ओल न्हाय गावली."

"लग्न मोडेल माझं."

येसूबाईने सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. मग म्हणाली, "ओल काढता येत न्हाय. धवल्यान भोक पडलेलं चालत न्हाय, नवरीच्या संसाराला भोक पडतं. एक ओल काढली त तेवढीच दुसरी भरायची. शेठाची काढतं, तुजी भरतं. बोल, तुजी काय खोड हाय?"

ही गोष्ट विपुलला सोपी वाटली. खोडी त्याच्याकडे भरपूर होत्या.

"मला पोहता येत नाही," तो म्हणाला.

"ता नागावचा कुत्रापन जानतो. नवा सांग."

"हॉटेलबद्दल लोक चांगले अभिप्राय लिहितात ना, तसे माझ्या बोटीबद्दल मी स्वतःच लिहितो. वेगवेगळ्या नावांनी."

"ह्यान गाण्यासारखा काय हाय? काम करतंस, करं."

"मी साखरपुड्याच्या आधी आरशासमोर नाच शिकलो."

"आला का?"

"नाही."

"मंग ती आरशाची खोड. दुसरी सांग."

विपुलला पहिल्यांदाच जाणवलं की आपण नालायक आहोत हा आपला समज होता, पण त्यातही आपला दर्जा साधारणच निघाला. त्याचा स्वाभिमान दुखावला. आणि स्वाभिमान दुखावलेला माणूस जे करतो तेच त्याने केलं. त्याने खरी गोष्ट सांगितली.

मुलगी बघायला जायच्या आधी नवा शर्ट घ्यायला तो मांडव्याहून बोटीने मुंबईला निघाला होता. पाण्याची भीती, त्यात सकाळी खाल्लेली मिसळ. बोट मधोमध आल्यावर त्याच्या पोटाने निर्णय घेतला. शेजारी एक बाई झोपली होती. तिची पर्स उघडी होती. विपुलने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि पर्समध्ये पाहिलं. सगळं झाल्यावर त्याने शिष्टाचार म्हणून पर्सची चेन लावली आणि वरच्या डेकवर जाऊन बसला. पुढे साखरपुड्यात एक बाई सगळ्यांना सांगत होती, "तो मेला मना सापडूदे, त्याच पर्शीनं त्याचा थोबाड सडकवीन!" ती प्राप्तीची आत्या निघाली. सोनाबाई. विपुल त्या दिवशी तिच्या तीनदा पाया पडला होता. तिला वाटलं, संस्कारी मुलगा आहे.

येसूबाई हसता हसता पान गिळून बसली. "झ्याक! झ्याक!"

"आजी, पण नाव नको घालूस हां. माझं नाव आलं तर संपलं."

"तुजं नाव घालीत न्हाय," येसूबाईने शपथ घेतली. "नुस्ता 'नवरा' म्हनेन."

विपुलला हायसं वाटलं. लग्नाच्या हळदीत 'नवरा' म्हटल्यावर लोक कोणाकडे बघतात, हा विचार त्याच्या डोक्यात घरी पोहोचल्यावर आला.

हळदीचा दिवस उजाडला. दुपारी नागावला विपुलला डोक्यापासून पायापर्यंत पिवळा करण्यात आला. अजूनही त्याने सासऱ्याला काही सांगितलं नव्हतं. आता येसूबाई उष्टी हळद घेऊन चौलला निघाली, आणि विपुलला घरी बसवेना. अंगाला हळद लागलेल्या नवऱ्याने घराबाहेर पडायचं नसतं. पण दिपेशच्या टेंपोत बनाना बोट कायम पडलेली असायची, हवा काढलेली. विपुल तिच्याखाली शिरला. पिवळ्या बोटीखाली पिवळा नवरा, म्हणजे रंगापुरता तरी संशयाला वाव नव्हता. नागाव ते चौल हा रस्ता त्याने रबराचा वास घेत, सासरा माफ करेल का याचा विचार करत आणि प्रत्येक खड्ड्याला डोकं आपटत पार केला.

टेंपो गावंडांच्या मांडवाला लागून उभा राहिला. बोटीच्या घडीतून विपुलला सगळं दिसत होतं. पाटावर प्राप्ती. समोर वाटीत हळद. खुर्चीत चांगदेवशेठ, हात छातीवर बांधून, पोटावर टेकवून. येसूबाईने माईक घेतला, देवांना बोलावलं, सगळे देव आले. मग ती माणसांकडे वळली. वरच्या आळीच्या घरताची कंजुषी निघाली, प्राप्तीच्या मामाची मूळव्याध निघाली, पानटपरीवाल्या सदूने बायकोला घाबरून टपरीतच अंथरूण घातलं ते निघालं. बायका माना हलवून हसत होत्या. मग :

मांडव्याच्या बोटीनं नवरा निंगाला,
बाईच्या पर्शीन ओकला गो,
चेन लावून पलाला गो...

मांडव हसला. सोनाबाई आत्यासुद्धा हसली. मग तिचं हसू एका बाजूने विझायला लागलं, जसं गॅस संपताना होतं. "पर्शीन?" ती म्हणाली. "चेन लावून?"

पण त्याआधीच शेठ उभे राहिले होते.

"आजी," शेठ म्हणाले, "धवला झाला?"

"झाला."

"माजी ओल?"

येसूबाईने पदर सारखा केला. "तुजी काढली."

"कोनी?"

"जावयानं काढाय लावली."

चांगदेवशेठच्या चेहऱ्याचा रंग वाटीतल्या हळदीकडून कुंकवाकडे जायला लागला. "सदूची ओल हाय. टपरीवाल्या सदूची! मेव्हन्याच्या मूळव्याधीची हाय. आन माज्याच घरान, माज्याच पोरीच्या हलदीला, माजीच न्हाय? चार गावचा पानी प्यालेला मानूस मी. धवल्यान नाव न्हाय घेतला म्हंजे मी काय मेलेला हाय?" त्यांनी गळ्यातला फुलांचा हार काढला. "पयले मेसेज उडवला. आथा मनाच उडवला. उचला ती वाटी! न्हाय लागायची हलद."

कोणीतरी वाटी उचलली. प्राप्ती पाटावरून उठली नाही, पण तिने टेंपोकडे पाहिलं. सरळ, बोटीच्या घडीकडे. तिला सगळं ठाऊक होतं की तिने नुसतं पाहिलं, हे विपुलला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याने एवढंच ओळखलं की आता बोटीखाली राहिलो तर आयुष्यभर बोटीखालीच राहावं लागेल. आणि त्याच्या लक्षात आलं की सासऱ्याला शिवीचा राग नव्हता. शिवी तर त्यांना मिळालेलीच नव्हती. राग होता तो पुसलेल्याचा.

तो बाहेर आला. पिवळा, घामाने ओघळलेला, डोक्याला रबराच्या रेघा. पुढच्या रांगेतली एक म्हातारी किंचाळली. विपुलने येसूबाईच्या हातातून माईक घेतला.

"मामा," तो म्हणाला, आणि माईकने शिट्टी मारली. त्याने शिट्टी संपेपर्यंत थांबायचा मान राखला. "मामा, मेसेजमध्ये असं होतं की... तुम्ही बोया आहात."

मांडवात इतकी शांतता झाली की जनरेटर लाजला.

"बोया?" शेठ म्हणाले.

"हो."

"कसा काय?"

आता मागे फिरणं शक्य नव्हतं, मागे बोट होती. "म्हणजे गळ्यात सोनं आहे, ते माणसाला बुडवतं. पण पोट आहे, ते तरंगवतं. म्हणून खाडीत सोडलं तर तुम्ही खाली पण जाणार नाही, वर पण येणार नाही."

"मधीच?"

"मधेच."

चांगदेवशेठनी साखळ्या हातात घेऊन वजन केलं. मग पोटावर हात ठेवून त्याचा अंदाज घेतला. ते मनातल्या मनात खाडीत उतरले असावेत, कारण काही वेळ त्यांनी श्वास धरून ठेवला.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "म्हंजे मी बुडनार न्हाय?"

"नाही मामा. शक्यच नाही."

"धंद्यान येवढी वर्षा लोकं वाट बगतायत का चांगद्या कवा बुडतंय! आन जावई म्हनतो बुडनारच न्हाय!" त्यांनी मांडवाकडे वळून दोन्ही हात पसरले. "ह्यो मेसेज उडवतात काय? ह्यो त फ्रेम करून लावायचा!"

"मी तेच म्हटलं होतं," भाविका मागून म्हणाली.

"आजी! म्हन माजी ओल!"

येसूबाईने म्हटली. हसून हसून डोळ्यात पाणी तीनदा आलं. शेठनी ती ओळ पुन्हा म्हणायला लावली, मग स्वतः माईक घेऊन म्हटली, मग सदूला उभं करून म्हणायला लावली. वाटी खाली आली. प्राप्तीला हळद लागली. ती लागत असताना तिच्या तोंडावर एक हसू होतं, आणि विपुलने ते पाहिलं. त्याच्या कोणत्याही विनोदावर ती अशी हसली नव्हती. म्हणून तो तिथेच उभा राहिला, आणि म्हणूनच सोनाबाई आत्याला तो सहज सापडला.

"पिवल्या," आत्या म्हणाली, "ती पर्स माज्याकडं अजून हाय."

थोबाड मात्र तिने सडकवलं नाही. तिने दुसऱ्या दिवशी, तो बकेटमध्ये चढत असताना, तीच पर्स धुऊन, आहेर म्हणून, सगळ्यांदेखत विपुलच्या हातात दिली. तेवढ्यात जेसीबीची बकेट नवरदेवाला घेऊन वर उचलली गेली, थोडी डावीकडे हलली, थोडी उजवीकडे. पर्स उपयोगी पडली. चेन त्याने याही वेळी लावली.

लग्न झालं. हळदीतल्या गाण्याचा व्हिडिओ कोणीतरी काढला होता, कोणीतरी त्यावर ठेका टाकला. आता चौलपासून मांडव्यापर्यंत हळदीत डीजेवाला आधी 'बोया' वाजवतो आणि मग लगेच 'ओकला गो'. शेठ डंपरच्या मागे 'बोया' रंगवून घेऊन फिरतात. विपुल मात्र मांडव्याच्या बोटीत चढला की बायका एकमेकींकडे न बघता पर्सची चेन लावतात. बनाना बोटीवर बसायला पर्यटक येतात, पैसे देतात आणि विचारतात, 'तुम्हीच ते का?' शेठची ओळ सगळे मान म्हणून म्हणतात, विपुलची ओळ सगळे त्याच्याकडे बघून म्हणतात. प्राप्ती भांडी घासताना ती गुणगुणते. त्याबद्दल त्याने तक्रार केली तेव्हा ती म्हणाली, "चाल चांगली आहे रे, मी काय करू?"

शेवटी विपुलने रीतसर मार्ग पत्करला.

प्रति,
मा. सरपंच व सर्व सदस्य, ग्रामसभा.

अर्जदार : विपुल घरत, रा. नागाव.

विषय : गाण्यातील तीन ओळी गायल्याच नाहीत असे समजण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, अर्जदाराच्या सासऱ्यांबाबतच्या ओळींस अर्जदाराची कोणतीही हरकत नाही. तथापि अर्जदाराबाबतच्या तीन ओळी परिसरातील नागरिकांस विनापरवाना पाठ झालेल्या आहेत. तरी ज्या नागरिकांस सदर ओळी पाठ आहेत त्यांनी त्या कार्यालयीन वेळेत ग्रामपंचायतीत जमा कराव्यात व रीतसर पोच घ्यावी. जमा केल्यानंतर सदर ओळी आठवल्यास तसे लेखी कळवावे. ज्यांना फक्त चाल आठवते त्यांनी ती शिट्टीवर वाजवू नये. अर्जदाराच्या पत्नीस या आदेशातून सूट देण्यात येऊ नये. तसेच सदर ओळी पूर्वलक्षी प्रभावाने गायल्या न गेल्याबाबतचा दाखला अर्जदारास मांडव्याच्या बोटीवर दाखवण्याकरिता त्वरित मिळावा, ही नम्र विनंती.